जादूच्या शब्दाला चिकटवलेला अर्थ

‘आबरा का डाबरा’ हे शब्द ऐकले नाहीत असे मूल आज मराठी घरांत शोधून सापडणार नाही. जादूचे प्रयोग, कार्टून मालिका आणि २००४ साली याच नावाने आलेला हिंदी चित्रपट यांच्या सोबतीने ते आपल्याकडे पक्के रुळले. आता त्यांच्या पाठोपाठ त्यांचा एक अर्थही फिरू लागला आहे. हा शब्द मूळचा अरामी भाषेतला, म्हणजे येशू ख्रिस्ताच्या काळी पश्चिम आशियात बोलल्या जाणाऱ्या भाषेतला, आणि त्याचा अर्थ ‘मी बोलतो तसे मी निर्माण करतो’ असा आहे, असे व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांत, प्रेरणादायी भाषणांत आणि मोबाइलवरच्या संदेशांत ठामपणे सांगितले जाते. ऐकणाऱ्याला ते पटते, कारण अर्थ देखणा आहे आणि बोललेल्या शब्दाच्या सामर्थ्यावर आपला मुळातच विश्वास असतो. परंतु हा अर्थ सिद्ध झालेला नाही. इतकेच नव्हे, तर या शब्दाचा जो सर्वांत जुना वापर आपल्याला ठाऊक आहे, त्याच्याशी तो अर्थ जुळतच नाही. एका जुन्या शब्दाच्या व्युत्पत्तीवरून एवढा वाद कशाला, असे कुणी म्हणेल. तो घातला पाहिजे, कारण पुराव्याऐवजी देखणेपणा पाहून अर्थ स्वीकारण्याची सवय शब्दकोशापुरती राहत नाही. ती औषधापर्यंत आणि आजाऱ्याच्या खाटेपर्यंत पोहोचते.

आधी पुरावा पाहू. हा शब्द पहिल्यांदा सापडतो तो लॅटिन भाषेतल्या एका वैद्यकीय काव्यात. त्याचे नाव ‘लिबर मेडिसिनालिस’ आणि कर्ता क्विंटस सेरेनस. अकराशेच्या आसपास ओळींच्या या काव्यात डोक्यापासून पायापर्यंतच्या रोगांवरचे उपाय षट्पदी वृत्तात सांगितले आहेत. प्रचलित समजुतीप्रमाणे हा कर्ता म्हणजे रोमचा विद्वान सेरेनस सामोनिकस. सम्राट काराकालाच्या हुकुमावरून इ.स. २१२च्या सुमारास तो मारला गेला. काही अभ्यासक मात्र हे काव्य त्याच्या मुलाचे किंवा त्याहून नंतरच्या कुणाचे मानतात. तो काराकालाचा राजवैद्य होता असे अनेक ठिकाणी छापलेले असते, त्याला भक्कम आधार नाही. जुन्या साधनांत दिसतो तो ग्रंथप्रेमी पंडित. मूळ हस्तलिखित उरलेले नाही, आपल्या हाती आहेत त्या मध्ययुगीन नकला. त्यांतली १३ व्या शतकातली एक नक्कल ब्रिटिश लायब्ररीत आहे, आणि त्या ग्रंथालयाने २०१७ साली जादूच्या इतिहासावर भरवलेल्या प्रदर्शनात ती मांडलीही होती. म्हणजे ज्या शब्दाला आपण अतिप्राचीन पौर्वात्य मंत्र समजतो, त्याचा सर्वांत जुना ज्ञात पत्ता रोमन जगातल्या, लॅटिनमधल्या, औषधोपचाराच्या पुस्तकात आहे.

त्या पुस्तकात हा शब्द येतो तो एका विशिष्ट तापावरचा उपाय म्हणून. ग्रीक वैद्य त्या तापाला ‘अर्धा तिसऱ्या दिवसाचा’ अशा अर्थाचे नाव देत. रोज अंगात राहणारा आणि एकाआड एक दिवस उसळणारा असा तो ताप. ग्रीक आणि रोमन मोजताना पहिला दिवसही धरत, त्यामुळे एक दिवस सोडून येणारा ताप त्यांच्या हिशेबात तिसऱ्या दिवसाचा होई. आयुर्वेदाने विषमज्वराचे जे प्रकार पाडले, त्यांतल्या ‘तृतीयक’ या नावामागेही हीच मोजणी आहे, आणि आपल्याकडची जुनी माणसे ‘पाळीचा ताप’ म्हणत तो याच जातीचा. हा ताप म्हणजे बहुतेक करून हिवताप, आणि त्यातही सर्वांत जीवघेणा प्रकार, असे आजचे अभ्यासक मानतात. रोमच्या भोवती दलदल होती आणि हा ताप शहराच्या पाचवीलाच पुजलेला होता. पॅलाटाइन टेकडीवर रोमन लोकांनी ज्वरदेवीचे, फेब्रिसचे, मंदिर बांधले होते. गॅलेनसारख्या थोर वैद्यानेही हा ताप रोममध्ये नेहमीचा असल्याचे नोंदवले आहे. सेरेनसचा उपाय या भीतीतून आलेला आहे. तो सांगतो, कागदावर हा अकरा अक्षरांचा शब्द लिहा. त्याच्याखाली तोच शब्द पुन्हा लिहा, पण शेवटचे अक्षर गाळून. खालच्या ओळीत आणखी एक अक्षर कमी करा. असे करत शेवटी एकच अक्षर उरू द्या, म्हणजे आकृती खाली निमुळती होत जाईल. मग तो कागद सुताने रोग्याच्या गळ्यात बांधा.

हा विधी नीट वाचला की दोन गोष्टी लक्षात येतात, आणि माझ्या मते सगळा वाद त्या दोन गोष्टींतच मिटतो. पहिली गोष्ट अशी, की हा शब्द उच्चारायला सांगितलेलाच नाही. तो लिहायचा आहे, आणि लिहून अंगावर वागवायचा आहे. ‘मी बोलतो तसे निर्माण करतो’ असे सांगणारा मंत्र सर्वांत जुन्या नोंदीत बोललाच जात नसेल, तर तो अर्थ त्या वापरातून आला असे म्हणायला जागा उरत नाही. दुसरी गोष्ट अशी, की विधीचा रोख निर्मितीकडे नसून क्षयाकडे आहे. अक्षर अक्षर गळून शब्द झिजतो, तसा ताप झिजावा, ही त्यामागची कल्पना. आकृतीची बांधणीही विचारपूर्वक केलेली आहे. लॅटिन अक्षरांत लिहिल्यावर डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत सगळीकडे ‘ए’ हेच अक्षर येते आणि उजव्या तिरप्या कडेने खालून वर वाचत गेले की पुन्हा तोच पूर्ण शब्द मिळतो. शब्दाची सुरुवात आणि शेवट सारखाच आहे, आणि सगळा शब्द मिळून अक्षरे वेगवेगळी अशी फक्त पाच आहेत. डोळ्यांना दिसणारा हा आकृतिबंध पाहता, शब्द निवडताना त्याच्या कोशगत अर्थापेक्षा त्याच्या घडणीकडे लक्ष दिले गेले असावे, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे.

आता ज्यांना मूळ अर्थ सापडल्याची खात्री आहे, त्यांचे दावे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. ‘मी बोलतो तसे निर्माण करतो’ हा एक. त्याच अरामी भाषेतून ‘या शब्दाप्रमाणे नाहीसा हो’ असाही अर्थ काढला जातो. जे. के. रोलिंग यांनी हॅरी पॉटरच्या कथांमधला मृत्यूचा मंत्र याच शब्दावरून बेतला, आणि २००४ साली एडिनबरोच्या पुस्तक महोत्सवात त्यांनी मूळ अरामी अर्थ ‘ती गोष्ट नष्ट होवो’ असा सांगितला. हिब्रूकडून येणारे लोक त्यात ‘आशीर्वाद’ आणि ‘बोलणे’ हे शब्द पाहतात. ख्रिस्ती टीकाकारांनी त्यात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांची हिब्रू नावे शोधली. आणखी काहींनी तो अलेक्झांड्रियाच्या बॅसिलिदीस पंथातल्या ‘अब्रासाक्स’ या दैवी नावाशी जोडला. त्या नावाच्या ग्रीक अक्षरांच्या किमतींची बेरीज ३६५ होते, म्हणून ते वर्षाच्या दिवसांचे प्रतीक मानले जाई. एकाच भाषेतून एकाच शब्दाचा अर्थ ‘निर्माण होवो’ आणि ‘नष्ट होवो’ असा दोन्ही बाजूंनी निघत असेल, तर ती भाषा आपल्याला उत्तर देत नाही हे उघड आहे. आपण आपले उत्तर तिच्या तोंडी घालत आहोत.

सर्वांत लोकप्रिय दावा तर व्याकरणाच्या पहिल्याच पायरीवर अडखळतो. ब-र-अ हा निर्मितीचा धातू अरामीत आहे, यात शंका नाही. अडचण आहे ती दुसऱ्या अर्ध्या भागाची. द-ब-र हा धातू हिब्रूत बोलण्यासाठी येतो. अरामीत मात्र त्याचा नेहमीचा अर्थ नेणे, हाकणे असा आहे, आणि बोलण्या-सांगण्यासाठी तिथे वेगळे धातू सर्रास वापरले जातात. म्हणजे अर्धा शब्द अरामीतून घ्यायचा, अर्ध्याला हिब्रूतून अर्थ पुरवायचा, मधल्या स्वरांकडे कानाडोळा करायचा आणि वाक्याची रचना सैल सोडायची, तेव्हा कुठे हे वाक्य उभे राहते. एवढी मोकळीक घेतली तर मराठीतूनही त्याचा काही तरी अर्थ लावता येईल. ‘शब्दाप्रमाणे नाहीसा हो’ ही फोड विधीशी जास्त जुळते, हे मान्य करायला हवे. पण ती सुचवणाऱ्यांना विधी आधीच माहीत होता. जुळेल असाच अर्थ शोधला, म्हणून तो जुळला. त्याला स्वतंत्र पुरावा म्हणता येत नाही. स्वतंत्र पुरावा तेव्हा मिळाला असता, जेव्हा सेरेनसच्या आधीच्या एखाद्या अरामी ताइतावर, भांड्यावर किंवा लेखात हे वाक्य अर्थासह आढळले असते. असे काही सापडलेले नाही. म्हणूनच प्रतिष्ठित इंग्रजी कोश या शब्दाची व्युत्पत्ती अज्ञात असल्याचे सांगतात.

यावर एक वजनदार आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून चालणार नाही. रोमन जगातल्या जादूत ज्यू आणि अरामी परंपरेचा वाटा मोठा होता. ज्यू देवनामे आणि देवदूतांची नावे ग्रीक पपायरसांवर जागोजागी आहेत. शिवाय अक्षरे गाळत जाण्याची हीच रीत बॅबिलोनी तालमूद या ज्यू धर्मग्रंथातही आहे. रात्री नदीचे पाणी पिण्याची वेळ आलेल्या माणसाने आंधळेपणा आणणाऱ्या शाब्रिरी नावाच्या पिशाचापासून वाचण्यासाठी त्याचे नाव पुढून एकेक तुकडा गाळत घ्यावे, शाब्रिरी, ब्रिरी, रिरी, इरी, री, असे तिथे सांगितले आहे. हे साम्य खरे आहे आणि महत्त्वाचे आहे. पण त्यातून नेमके काय सिद्ध होते? नाव झिजवून संकट झिजवण्याची रीत त्या काळी अनेक समाजांत होती, एवढेच. ग्रीक पपायरसांतही द्राक्षाच्या घडासारख्या निमुळत्या होत जाणाऱ्या अशा आकृत्या भरपूर सापडतात. रीत सामायिक असली म्हणून शब्दाची भाषा ठरत नाही. तालमूदचे संकलनही तिसऱ्या शतकानंतर पूर्ण झाले, तेव्हा कोणी कोणाकडून घेतले हेदेखील त्यावरून सांगता येत नाही. आणि तालमूदचे उदाहरण मान्य केले तरी ते निर्मितीच्या बाजूने जात नाही, नष्ट करण्याच्याच बाजूने जाते.

दुसरा आक्षेप अधिक सामान्य आहे. कोणताही शब्द निरर्थक कसा असेल, माणसे उगाच अक्षरे का जोडतील, असे विचारले जाते. याचे उत्तर त्या काळच्या लोकांनीच देऊन ठेवले आहे. ‘आस्किओन, कातास्किओन, लिक्स, तेत्राक्स’ अशी सुरुवात असलेली सहा शब्दांची एक माळ ‘इफिससची अक्षरे’ म्हणून ग्रीकांत शेकडो वर्षे प्रसिद्ध होती. संकटात ती म्हणत, ताइतावर कोरत. अर्थ कुणालाच माहीत नव्हता. मग अँड्रोसायडीस नावाच्या पायथागोरसपंथी विचारवंताने त्यांचे अर्थ सांगितले: पहिला शब्द म्हणजे अंधार, दुसरा प्रकाश, तिसरा पृथ्वी, चौथा वर्ष, पाचवा सूर्य. हे अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने नोंदवून ठेवले आहे. शब्द आधी आला, वापर रूढ झाला आणि अर्थ विद्वानाने मागाहून पुरवला, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचित मिळते. त्याही पुढे जाऊन, न कळणे हेच अशा शब्दांचे बळ मानले जाई. नवप्लेटोवादी इयाम्ब्लिखसने परकीय देवनामांचे भाषांतर करू नये, भाषांतराने त्यांची शक्ती जाते, असे मांडले. ख्रिस्ती आचार्य ओरिजेनने जवळपास हेच सांगितले. दोघांचे धर्म वेगळे होते, त्या धर्मांतला वाद टोकाचा होता, पण मंत्रशब्दाची शक्ती कोशातल्या अर्थात नसते, यावर त्यांचे एकमत होते. तेव्हा या शब्दाला निरर्थक म्हणणे हा त्याचा अपमान नाही. ज्या जगात तो जन्मला, त्या जगाच्या नियमांनी त्याला पाहणे म्हणजेच न्याय.

अर्थ मागाहून चिकटण्याची ही प्रक्रिया पुढेही चालू राहिली. ‘होकस पोकस’ या दुसऱ्या प्रसिद्ध जादूशब्दाची गोष्ट तशीच आहे. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याच्या काळातला एक हातचलाखीचा खेळ करणारा स्वतःला याच नावाने म्हणवून घेई आणि खेळ करताना लॅटिनसारखी वाटणारी अर्थहीन बडबड करी, असे थॉमस अॅडीने १७ व्या शतकाच्या मध्यावर लिहून ठेवले. ‘होकस पोकस ज्युनियर’ हे जादूच्या खेळांचे पुस्तक १६३४ साली लंडनला छापले गेले. पुढे त्याच शतकाच्या अखेरीकडे आर्चबिशप टिलटसन यांनी आपल्या प्रवचनात तर्क मांडला, की हा शब्द कॅथलिक प्रार्थनेतल्या ‘हे माझे शरीर आहे’ या लॅटिन वाक्याचा अपभ्रंश असावा. टिलटसन प्रोटेस्टंट होते, आणि कॅथलिक विधी हा निव्वळ हातचलाखीचा खेळ आहे असे त्यांना दाखवायचे होते. व्युत्पत्ती त्यांच्या युक्तिवादाच्या कामी आली. आज मात्र ती वादातून सुटून वस्तुस्थिती म्हणून सांगितली जाते. आपल्या शब्दाचेही तेच झाले. १९०४ साली अॅलिस्टर क्राउली या इंग्रज गूढवाद्याने त्यातले एक अक्षर बदलून आपल्या पंथाचा नवा मंत्र केला आणि त्याला अंकशास्त्राचा अर्थ दिला. आजच्या प्रेरणादायी वक्त्याने त्यात आत्मविश्वासाचा अर्थ भरला. प्रत्येक काळाला जे ऐकायचे होते, ते त्याने या शब्दाकडून वदवून घेतले.

मराठी वाचकाला हा वाद परका वाटण्याचे कारण नाही, कारण मंत्राला अर्थ असतो की नाही हा प्रश्न आपल्याकडे फार आधी विचारला गेला आहे. मंत्र अर्थशून्य आहेत, असे कौत्साचे मत यास्काने ‘निरुक्ता’त दिले आहे आणि मग त्याचे खंडनही केले आहे. वेदमंत्रांचा अर्थ न लागणाऱ्या माणसाने दोष मंत्राला देऊ नये, हा यास्काचा पक्ष. त्याच ग्रंथात, शब्दाची व्युत्पत्ती सहज लागत नसली तरी ती सोडून देऊ नये, एखाद्या अक्षराच्या साम्यावरूनही लावावी, असा उपदेश आहे. अर्थ लावण्याची ओढ आपल्या परंपरेत किती खोल आहे, ते यातून दिसते. पण यास्काच्या बाजूने एक गोष्ट होती. त्याच्यासमोर पूर्ण वाक्ये होती, व्याकरण होते, एकच शब्द अनेक ठिकाणी आलेला होता. अथर्ववेदातले तक्म्याचे, म्हणजे तापाचे, सूक्त घ्या. तिथे तापाला उद्देशून बोलले आहे आणि गांधार, मूजवंत, अंग, मगध अशा दूरच्या प्रदेशांत निघून जायला सांगितले आहे. तापावरचाच मंत्र, पण तो भाषेत आहे, म्हणून त्याचा अर्थ तपासता येतो. दुसरीकडे शाबर मंत्रांबद्दल तुलसीदासांनीच म्हटले आहे, की त्यांची अक्षरे जुळत नाहीत, अर्थ लागत नाही, तरी ते शिवाच्या प्रतापाने फळतात. श्रद्धाळू संतानेही तिथे ओढूनताणून अर्थ काढला नाही. अर्थवान मंत्र आणि अर्थहीन मंत्र हे दोन प्रकार आपल्या परंपरेला ठाऊक आहेत. आबरा का डाबराची बैठक दुसऱ्या प्रकारात आहे, हे मानायला आपल्याला जड जाऊ नये.

मग कुणी म्हणेल, चुकीचा असला तरी अर्थ चांगला आहे, माणसाला उभारी देतो, त्यात बिघडले काय? बिघडते ते असे. या अर्थाखाली शब्दाचा खरा इतिहास पुसला जातो, आणि तो इतिहास आजारी माणसांचा आहे. सेरेनसच्या काळात हा कागद गळ्यात बांधलेला रोगी बरा होतो असे का वाटले असेल, याचे उत्तर तापाच्या स्वभावातच आहे. हिवतापात रक्तातले परजीवी ठरावीक अंतराने तांबड्या पेशी फोडून बाहेर पडतात, तेव्हा थंडी वाजून ताप चढतो आणि काही तासांनी घाम येऊन ओसरतो. जो ताप आपोआप उतरणारच आहे, त्यावर त्या वेळी काहीही बांधले तरी गुण आल्यासारखे वाटते. ताप परतला की वेळ चुकली, सूत चुकले, अक्षर चुकले असे समजायला माणूस मोकळा. हाच तोडगा पुढे हिवतापाहून वेगळ्या रोगांवरही गेला. १६६५ साली लंडनला प्लेगने ग्रासले, तेव्हा तिथल्या साप्ताहिक मृत्युपत्रकांत त्या एका वर्षात प्लेगचे ६८,५९६ बळी नोंदले गेले. त्या साथीवर डॅनियल डीफोने १७२२ साली लिहिलेल्या पुस्तकात हाच त्रिकोण गळ्यात बांधलेल्या माणसांचा उल्लेख आहे. प्रेतांच्या गाड्यांतून सामुदायिक खड्ड्यांकडे नेलेल्या कितीतरी जणांच्या गळ्यात हे ताईत तसेच होते, असे तो संतापाने लिहितो. पुस्तक कादंबरीच्या रूपात असले तरी ते त्या काळच्या नोंदींवर बेतलेले आहे. शब्द बोलला की सृष्टी घडते, हे गोड वाक्य त्या माणसांच्या इतिहासावर पांघरूण घालते.

शब्दाला काहीच बळ नसते, असे माझे म्हणणे नाही. धीराच्या दोन शब्दांनी रोग्याची भीती कमी होते, वेदना सोसणे सोपे जाते, हे वैद्यकही मान्य करते. पण भीती कमी होणे आणि परजीवी मरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतला फरक फक्त तपासणीने कळतो. सेरेनसनंतर फार तर शंभर-दीडशे वर्षांत चीनमध्ये गे होंग यांनी पाळीच्या तापावर छिंगहाव ही वनस्पती पाण्यात भिजवून तिचा रस पिळून पिण्याचा उपाय लिहून ठेवला. दोन्ही उपाय जुने, दोन्ही पोथीतले, दोन्ही एकाच जातीच्या तापावरचे. १९७० च्या दशकाच्या आरंभी तू यूयू यांच्या चमूने त्या नोंदीवरून वनस्पतीचा अर्क कमी तापमानाला काढून तो तपासला, त्यातून आर्टेमिसिनिन मिळाले, आणि २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. परंपरेतले सगळे टाकाऊ नसते आणि सगळे तारकही नसते. जे कसोटीला उतरले ते औषध झाले, जे उतरले नाही ते रंगमंचावरच्या खेळात गेले. १९ व्या शतकात हा शब्द जादूगाराच्या तोंडी रुळला आणि तिथे तो कुणाचे नुकसान करत नाही. त्याची ती जागा योग्य आहे.

नुकसान होते ते त्याला पुन्हा उपचाराच्या जागी बसवले की. आपल्याकडचे दोन कायदे इथे आठवावेत. १९५४ चा औषधे व जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा केंद्रीय कायदा ‘जादुई उपाय’ या संज्ञेत ताईत, मंत्र आणि कवच यांचा समावेश करतो. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा, कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरवतो. त्या कायद्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला आणि त्यानंतरच तो वटहुकुमाच्या रूपाने अस्तित्वात आला. म्हणजे सुताने गळ्यात बांधलेल्या अक्षरांचा प्रश्न आपल्यासाठी रोमचा किंवा लंडनचा राहिलेला नाही. ‘उच्चारातून घडते’ हे तत्त्व प्राचीन शब्दाच्या नावाने खपवले जाते, तेव्हा त्याच्या आडून असाध्य रोग बरा करण्याचे दावेही सहज पुढे सरकतात. प्रत्येक प्रेरणादायी वक्ता भोंदू असतो असे मी म्हणत नाही. बहुतेकांचा हेतू चांगला असतो. पण चांगल्या हेतूने सांगितलेली असिद्ध गोष्टही असिद्धच राहते, आणि ती ऐकणाऱ्याची पुरावा मागण्याची सवय मोडते.

शेवटी निष्कर्ष साधा आहे. या शब्दाचे मूळ माहीत नाही. त्याचा पहिला ज्ञात वापर तापावरचा ताईत म्हणून, लिहिण्यासाठी, रोग झिजवण्यासाठी झाला. उद्या एखाद्या उत्खननात त्याहून जुना लेख सापडला आणि त्यात अरामी अर्थ स्पष्ट दिसला, तर हे मत बदलावे लागेल आणि ते आनंदाने बदलावे. तोपर्यंत पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांनी, सदरे लिहिणाऱ्यांनी आणि व्यासपीठावरून बोलणाऱ्यांनी ‘मूळ अर्थ असा’ असे न म्हणता ‘असा एक तर्क आहे’ एवढेच म्हणावे. आणि वाचकांनी, कोणत्याही शब्दाचा देखणा अर्थ कानावर पडला की तीन प्रश्न विचारावेत: हा शब्द सर्वांत आधी कुठे सापडला, तिथे तो कशासाठी वापरला होता, आणि हा अर्थ पहिल्यांदा कोणी आणि केव्हा सांगितला. या तीन प्रश्नांना उत्तर न देणारा अर्थ, तो कितीही गोड असो, पुढे पाठवू नये.